पेटीवाल्यांची फळी

मी एक जुनी फळी आहे, आणि त्या दिवशी दुपारी मला तेल लावायचं काम चाललं होतं.

मित्रांनो, फळी म्हटलं की तुम्हाला डब्यांची नाहीतर पुस्तकांची फळी आठवेल. मी तसली नव्हे. मी साडेसहा फूट लांब आहे. माझ्या चारही कडांना बोटभर खोल पन्हळ कोरलेली आहे आणि पायांकडच्या बाजूला एक भोक आहे, म्हणजे पाणी वाहत जाऊन खालच्या बादलीत पडतं. डोक्याकडची बाजू मुद्दाम दोन बोटं उंच ठेवलेली आहे. माणूस गेलं की त्याला पोचवण्याआधी शेवटची आंघोळ घालतात, ती माझ्यावर. यात घाबरण्यासारखं काही नाही. तुमची पहिली आंघोळही कोणीतरी दुसऱ्यानंच घातली होती, आणि तेव्हा तुम्ही चांगले भोकाड पसरून रडला होतात. माझ्यावर आलेलं कोणीही अजून रडलेलं नाही.

तर त्या दुपारी एका बाजूला बाबा होते आणि दुसऱ्या बाजूला ठकी. बाबा म्हणजे अंत्यविधीच्या या दुकानाचे मालक. त्यांना मीही बाबाच म्हणते, कारण घरात तेच ऐकत आले. ठकी ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी ती लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून तिच्या आजोबांनी तिला ठकी म्हणायला सुरुवात केली, आणि अडतिसाव्या वर्षीही ते नाव तिच्या अंगाला चिकटून होतं. दुसऱ्या शहरात एका ग्रंथालयात ती काम करते. चार दिवसांची रजा काढून आली होती.

दोघांच्या हातात जुन्या सदऱ्याचे बोळे होते आणि मध्ये जवसाच्या तेलाची वाटी.

"जोर लाव गं जरा. लाकूड आहे ते, बाळ नाही."

"मला लहानपणी असंच घासत असणार तुम्ही."

"मी? तुला तुझी आई घासायची. मी आपला पाणी ओतायला."

बाबा हसले. हसताना त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत आडव्या रेषा यायच्या, मला खालून नीट दिसायच्या. मग त्यांनी ठकीच्या डोक्याकडे पाहिलं. तिचे केस कानापर्यंत कापलेले, आणि आता त्यांत पांढरे डोकावू लागलेले. बोळा न थांबवता ते म्हणाले, "ठके, आता तरी वाढव की केस. एक राग माणसानं किती वर्षं पुरवायचा!"

अगदी सहज म्हणाले, चेष्टेनं. पण ठकीचा हात थांबला. तिचा तळवा माझ्यावर टेकलेला होता म्हणून मला कळलं.

"बाबा," ती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं. मोठ्या माणसांच्या आयुष्यात अशा वेळा फार येत नाहीत. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, फोन वाजत नव्हता, बाबांना कुठे जायचं नव्हतं.

"उकडतं हो मला," ठकी म्हणाली आणि पुन्हा घासू लागली.

तेवढ्यात ड्रायव्हरकाका चहाचे तीन पेले घेऊन आले. दुकानाची काळी गाडी गेली तीस वर्षं तेच चालवतात. "ताई, मालकांना सांगा, गाडीचा हॉर्न काढून विकून टाकू. तीस वर्षांत एकदाही वाजवलेला नाही. आपल्याकडे घाई कोणाला असते?" बाबा म्हणाले, "तुला असते. चहा गार व्हायच्या आत." तिघांनी चहा प्याला. पेले माझ्यावर ठेवायचे नाहीत हा नियम, म्हणून तिघंही पेले हातात धरून उभे होते.

तो शेवटचा साधा दिवस. तेव्हा तसं कोणाला माहीत नव्हतं, मलाही नाही.

बाबांच्या त्या एका वाक्यात सव्वीस वर्षं होती, आणि ते वाक्य चुकीचं होतं. कसं चुकीचं, ते सांगायचं तर मला माझ्या जन्मापासून सुरुवात करायला हवी.

मी आधी दार होते. ठकीचे आजोबा सुतार होते, त्यांच्या कारखान्याचं मागचं दार. वाऱ्यानं आपटायचं, उन्हानं फुगायचं, तासलेल्या लाकडाचा वास घ्यायचा, एवढंच माझं काम. मागच्या गल्लीत गिरणीतले कामगार राहायचे. कोणी समुद्रापलीकडून आलेले, कोणी डोंगरापलीकडून, कोणी बेटांवरून. त्यांच्या बोली वेगळ्या, देव वेगळे आणि माणसं मूठभर. त्यांच्यातला एक रंगारी वारला. मोठ्या रस्त्यावर अंत्यविधीचं एक मोठं, संगमरवरी पायऱ्यांचं दुकान होतं. रंगाऱ्याचे दोघे भाऊ तिथे गेले. तिथला कारकून अदबीनं म्हणाला, "तुमच्या लोकांची पद्धत आमच्याकडे नाही." दोनदा विचारलं, दोनदा तेच. मग भाऊ आजोबांच्या कारखान्यात आले.

"एक लांब फळी मिळेल का? विकत नको. एका आंघोळीपुरती."

तेवढ्या लांबीचं लाकूड आजोबांकडे नव्हतं. त्यांनी डोकं खाजवलं, इकडेतिकडे पाहिलं, मग पेचकस घेतला आणि मला बिजागऱ्यांवरून उतरवलं. सुतार लाकूड कापायला जे घोडे वापरतात, त्या दोन घोड्यांवर मला आडवं ठेवलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा माणसाचं वजन पेललं. रंगाऱ्याची नखं निळी होती. भावांनी ती खूप घासली, पण निळा काही गेला नाही.

काम झाल्यावर आजोबांनी मला परत दाराच्या चौकटीत लावलं नाही. तो सगळा हिवाळा मागच्या बाजूला गोणपाट लटकत होतं. आजीनं, "दाराचं काय?" असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ती आता दुसऱ्या नोकरीला लागलीय." त्यांनी मला रंधा मारला, पन्हळ कोरली. एका घराण्यात मेलेल्या माणसाला लोखंड लागलेलं चालत नाही असं कळल्यावर माझ्यातले सगळे खिळे काढून लाकडी खुंट्या ठोकल्या. ज्यांना कुठेच कोणी उभं करत नव्हतं ते सगळे मग आजोबांचा उंबरा शोधत येऊ लागले. आजोबा मेलेल्यांसाठी लाकडी पेट्याही करायचे, म्हणून घराला 'पेटीवाले' नाव पडलं. ठकीला शाळेत पोरं चिडवायची, "पेटीवाल्याची पोर, डब्यात काय आणलंस?" ती शांतपणे म्हणायची, "तुझं माप."

आजोबांच्या मागे बाबांनी दुकान चालवलं. बाबा फार कमी बोलणारे. घरात त्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडाला पाझर फोडण्यासारखं. ठकीची आई म्हणायची, "यांच्याशी भांडायचं तरी कसं? दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं." पण माझ्यावर आलेल्या माणसाशी मात्र ते बोलायचे. त्याचं असं झालं. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा एकट्यानं एका म्हाताऱ्या गवंड्याला आंघोळ घातली. हात इतके थरथरत होते की तांब्या माझ्यावर आपटत होता. स्वतःला धीर द्यायला ते म्हणाले, "आजोबा, आता तुमचा हात उचलतो हं." आणि काय आश्चर्य, थरथर थांबली. तेव्हापासून ते प्रत्येक गोष्ट आधी सांगून करायचे. हात उचलतो, कूस वळवतो, तोंडावर पाणी घालतो. ज्याची जी बोली, तिच्यातले एवढे शब्द ते घरच्यांकडून आधीच शिकून घ्यायचे.

त्यातच एकदा मोठी चूक झाली. डोंगरापलीकडून आलेल्या लोकांत दोन जमाती होत्या. नावं सारखी, कपडे सारखे, चेहरे सारखे. बाबांना वाटलं, लोक एकच. गल्लीतल्या शिंपीणबाईंचा थोरला भाऊ गेला तेव्हा बाबांनी दुसऱ्या जमातीकडून शिकलेले शब्द मोठ्या प्रेमानं उच्चारले. शिंपीणबाई बाहेर बसल्या होत्या. त्या ताडकन उठून आत आल्या.

"ही बोली तुम्हाला कोणी शिकवली?"

बाबांनी सांगितलं.

"याच बोलीत माझ्या भावाला त्याच्या घरातून बाहेर काढलं होतं. पहाटे. चूल पेटलेली असताना."

बाबांनी हात मागे घेतले. मला माहीत नव्हतं, मी काय करणार होतो, असं काही ते बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "चुकलो."

"चुकलात," शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि भावाच्या उशाशी बसल्या. "आता बरोबर करा. मी सांगते तसं म्हणा. आणि 'उचलतो' नाही म्हणायचं. आमच्यात आधी विचारतात. 'उचलू का?'"

"आणि मग?"

"मग थांबायचं. विचारल्यावर थांबत नाहीत का तुमच्याकडे?"

तासभर त्यांनी बाबांना एकेक शब्द घोटून घेतला. जीभ चुकीच्या जागी लागली की, "दगड चघळताय का?" असं म्हणायच्या. त्या दिवसापासून बाबा सगळ्यांनाच विचारू लागले आणि विचारून थांबू लागले. फार नाही, माणसाला 'हो' म्हणायला लागतो तेवढाच वेळ. त्या थांबण्यात खोली इतकी शांत व्हायची की भोकातून पडणारा थेंब ऐकू यायचा. माझ्या सगळ्या आयुष्यात मला सर्वांत जास्त काय आवडलं असेल, तर ते थांबणं.

पुन्हा चूक नको म्हणून बाबांनी एकेका जमातीची कार्डं करायचं ठरवलं. पण त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मग आठ वर्षांची ठकी लिहायला बसली. बाबा सांगायचे आणि ती माझ्या काठावर पाटी ठेवून, पाटीवर कार्ड ठेवून लिहायची. हे लोक कापडाला गाठ मारत नाहीत. हे लोक खिडकी उघडी ठेवतात. यांच्यात बाईला बाईनंच आंघोळ घालायची, म्हणजे आईला बोलवायचं. आणि प्रत्येक कार्डाच्या वर, त्यांच्या बोलीत, 'उचलू का?' अकरा कार्डं झाली. बाप-लेकीचं सगळ्यांत जास्त बोलणं झालं ते या चार वर्षांत, आणि ते सगळं दुसऱ्यांच्या बोलीत.

ठकी बारा वर्षांची असताना तिची आई गेली.

आजार महिन्याभराचाच. बायकांना आंघोळ घालायचं काम आईचं, आता तिला कोण घालणार? शिंपीणबाई बाह्या सरसावून आल्या. बाबा म्हणाले, "मी करतो." त्यांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कापड देऊन निघून गेल्या. ठकी कोपऱ्यात उभी होती, लांब वेणी पुढे घेऊन तिचं टोक चावत.

"ठके, तू बाहेर बस. आत यायचं नाही."

ती गेली. बाबांनी दार लावलं.

मित्रांनो, त्या दिवशी बाबा जेवढं बोलले तेवढं मी त्यांना आधी किंवा नंतर कधीही बोलताना ऐकलं नाही. मान उचलू का, असं विचारलं, थांबले, आणि मग जणू बांध फुटला. काल दूध उतू गेलं, पातेलं अजून तसंच आहे. डॉक्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, मी तुझ्यापासून लपवलं, तुला कळलं होतं ना? गिरणीच्या फाटकाशी तू पहिल्यांदा दिसलीस तेव्हा तुझ्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, मी दुरुस्त करून देतो म्हणालो आणि आणखी तोडून ठेवला. हे सांगताना ते हसले. मग एकदम थांबून म्हणाले, "आणि तिची वेणी गं. तीन पेडांची मला जमत नाही. परवा घातली ती शाळेच्या दारापर्यंत टिकली नाही. पेटीला कडी बसवता येते मला, पोरीच्या केसांना रिबीन बांधता येत नाही. रोज सकाळी काय करू, सांग."

माझ्यावर आडवं पडलं की समोरचं दार दिसतं, आणि मी कायमचीच आडवी. दाराखालच्या फटीत दोन लहान पायांची सावली होती. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. सावली शेवटपर्यंत हलली नाही.

काम झालं तेव्हा बाबांनी हात धुतले, तोंड पुसलं आणि दार उघडलं. ठकी पायरीवर बसलेली होती, बराच वेळ तिथेच असल्यासारखी.

"जेवलीस?" बाबांनी विचारलं.

"हो," ठकी म्हणाली. ती जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोली रिकामी असताना ती आत आली. कापड कापायची मोठी कात्री तिनं खुंटीवरून काढली, माझ्या काठावर बसली आणि वेणी मानेपाशी धरून कापली. वेणी जाड होती. कात्री चार वेळा मिटावी लागली. मग तिनं माझ्या पन्हळीत पडलेला एकेक केस वेचला, ओल्या फडक्यानं मला पुसलं, कात्री जागेवर अडकवली.

संध्याकाळी बाबांनी पाहिलं. ते दारातच थबकले.

"का गं?"

"असंच."

रडू येऊ नये म्हणून तिनं ओठ घट्ट मिटले होते. बाबांना ते तोंड रागाचं वाटलं. आठवड्यानं एक म्हातारे घड्याळजी माझ्यावर आले, तेव्हा त्यांच्या कानामागे पाणी घालत बाबा त्यांना सांगत होते, "मुलीला आईजवळ येऊ दिलं नाही मी. केस कापून बसलीय रागानं. बरोबरच आहे तिचं. पण लहान होती हो, कसं येऊ देणार?"

मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. त्या दोघांच्या मध्ये काय उभं आहे ते फक्त मला ठाऊक होतं. पण मी फळी. दार असते तर निदान करकरले तरी असते.

वर्षं गेली. ठकी शिकायला गेली, तिकडेच नोकरीला लागली, वर्षातून दोनदा येऊ लागली. प्रत्येक वेळी केस तेवढेच. शहराच्या आरोग्य खात्यानं नियम केला आणि माझ्या जागी चाकांचं स्टीलचं टेबल आलं. ते दांड्यानं वरखाली होतं, नळीनं धुता येतं. मला भिंतीला टेकवून उभं केलं. तीन वर्षं मी तशी होते. माझ्यावर रंगाचे डबे टांगले, छत्र्या अडकवल्या. मधून मधून मला वाटायचं, मी पुन्हा दार झाले आहे, फक्त माझ्यामागे कोणती खोलीच नाही. मग ज्यांना लोखंड चालत नाही त्या लोकांनी खात्याकडे अर्ज केले, सह्या जमवल्या. सगळ्यांत पुढे शिंपीणबाई. "मला त्या भांड्यात घालून धुवायचं नाही," असं त्यांनी साहेबाला तोंडावर सांगितलं. त्यांच्यासाठी मला परत घोड्यांवर ठेवलं. बाबांनी मला आडवं केलं तेव्हा माझ्यावर हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "ठेवू का?" आणि थांबले.

पण गिरणी तोवर बंद पडली होती. कामगारांची नातवंडं दूर दूर गेली, जी राहिली ती मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात जाऊ लागली. तिथे आता संगमरवरी पायऱ्यांवर सगळ्या बोलींत पाटी आहे. चांगलंच झालं. बाबाही म्हणायचे, चांगलं झालं. तरी एखाद्या दुपारी ते ती अकरा कार्डं काढून बसायचे आणि रिकाम्या खोलीत एकेक बोली म्हणून बघायचे, जीभ विसरू नये म्हणून.

आणि मग ती तेल लावायची दुपार आली, जिच्यापासून मी सुरुवात केली. ठकी या वेळी चार दिवस आली होती ती खरं काय ते सांगायलाच आली होती, असं मला वाटतं. तीन दिवस ती बाबांच्या मागेमागे फिरत होती. ते खोलीत आले की तीही यायची, काहीतरी हातात घ्यायची, परत ठेवायची. शेवटी बाबांनी स्वतःच विषय काढला आणि ती म्हणाली, उकडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खुर्चीवर बूट घालायला बसले. एका बुटाची नाडी बांधली. दुसऱ्याची बांधायची राहिली.

ड्रायव्हरकाकांनी पाहिलं. डॉक्टर येऊन गेले. घरात आवाज फार झाला नाही, या घराला आवाजाची सवयच नव्हती. दुपारपर्यंत शिंपीणबाई काठी टेकत आल्या. त्यांची पाठ आता पार वाकलेली आहे. त्या कापड घेऊन आल्या होत्या आणि ते कोणी मागितलं नव्हतं.

ड्रायव्हरकाकांनी स्टीलचं टेबल पुढे ढकललं. "ताई, हे बरं पडेल. मालकांचं वजन आहे."

"फळीवर," ठकी म्हणाली.

"बरं." ते थोडे घुटमळले. "तुम्ही नका करू. मी करतो. मालकांनी मला शिकवलंय सगळं."

"मी करते, काका."

"ताई, कार्डं आहेत सगळ्यांची. आपलं कार्डच नाही. आपली पद्धत काय?"

ठकीनं थोडा विचार केला. "आपली पद्धत विचारायची," ती म्हणाली.

दोघांनी मिळून बाबांना माझ्यावर ठेवलं. कालचं तेल माझ्यात पुरतं मुरलं नव्हतं. बाबांचं वजन मी कधी पेललं नव्हतं. एवढी वर्षं त्यांचे हात, त्यांची कोपरं, वाकताना टेकलेलं पोट, एवढंच मला माहीत होतं. सगळे बाबा मला पहिल्यांदाच मिळाले. मित्रांनो, लाकडाला जे काही होऊ शकतं ते मला झालं. त्याहून जास्त मी सांगत नाही.

शिंपीणबाईंनी पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. "कोमट आहे," त्या म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. ड्रायव्हरकाका दाराशी थांबले.

"दार लावू?"

"नको. उघडंच राहू दे."

मित्रांनो, माझ्यासारख्या गोष्टींनी शेवटी काहीतरी विनंती करायची असते. माझी जपणूक करा, तेल लावा, उन्हात टाकू नका, हे सगळं खरंच आहे, पण ते तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही मोठे व्हाल. एखाद्या दिवशी तुमच्या घरात काही दुःखाचं घडेल आणि एखादं लहान मूल कोपऱ्यात वेणी चावत उभं असेल. त्याला बाहेर पाठवू नका. पाठवायचंच असेल तर दार थोडं उघडं ठेवा, आणि बाहेर आल्यावर जेवलीस का, एवढंच विचारून थांबू नका. हे मी मोठ्यांना सांगितलं असतं, पण मोठी माणसं फळीचं ऐकत नाहीत. तुम्ही ऐकाल म्हणून सांगितलं.

ठकीनं तांब्या भरला. "बाबा, हात उचलू का?" तिनं विचारलं. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. ती थांबली. खोली शांत झाली. मग तिनं उजवा हात उचलला, काखेत पाणी घातलं, बोटं एकेक करून पुसली. डावा हात उचलताना आवाज फुटला. कूस वळवू का, असं विचारलं तेव्हा तो थोडा मोठा झाला होता. प्रत्येक वेळी विचारून ती थांबत होती, आणि बाबांना शोभेल असं थांबत होती, ना कमी ना जास्त.

शेवटी डोकं. बाबांचे केस विरळ झाले होते, मागे मात्र थोडे वाढलेले. "डोक्यावर पाणी घालू का?" ती थांबली. पाणी घातलं. टॉवेलनं टिपलं. मग कंगवा घेतला आणि त्यांचं डोकं एका हातावर तोलून हळूहळू विंचरू लागली. कंगवा दोनतीनदा फिरला असेल. मग ती वाकली, त्यांच्या कानाजवळ नाही, चेहऱ्यासमोर, आणि बाहेर पायरीवर बसलेल्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, केस मी रागानं नव्हते कापले. मी दाराबाहेरच उभी होते. तुम्हाला वेणी जमत नाही, असं तुम्ही आईला सांगत होता, ते मी ऐकलं. मला वाटलं, रोज सकाळचं तेवढं एक काम तरी तुमचं कमी होईल."